थांबलं की वजन परत येतं

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतून निघालो तेव्हा धुकं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं होतं. वरचे मजले कुणी डस्टरने पुसून टाकल्यासारखे दिसत होते. मोटरसायकलच्या आरशांवर दव साचलं होतं. ते रुमालाने पुसलं, तर आरशात मागे वाकलेला माधव दिसला. माधव म्हणजे माझा नवरा. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांचे पट्टे तो पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

"निघायचं का? नमनालाच घडाभर तेल नको," मी म्हटलं.

"पट्टा सैल राहिला की काय होतं, ते मी रोज बघतो," तो म्हणाला.

हे मात्र खरं आहे. माधव विम्याच्या दाव्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. त्यामुळे रस्त्यावरून धड धावणारी गाडीही त्याला आधीच चेपलेली दिसते. मी शाळेत भूगोल शिकवायची, अलीकडेच स्वेच्छानिवृत्ती घेतली. कच्छचं रण मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की त्याची कड डोळे मिटून काढीन. पाहिलेलं मात्र एकदाही नाही. या हिवाळ्यात मोटरसायकलवरून एकटीने तिकडे जायचं, असं मी घरी जाहीर केलं. त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली, त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

शेवटी माधवने एक अट घातली. कच्छला न्यायचं तेवढं सगळं सामान लादायचं, दिवसभर गाडी चालवायची, आणि हातपाय दमले की संध्याकाळी पार्किंगमध्ये जुनी गादी टाकून तिच्यावर गाडी आडवी करायची. मी ती एकटीने उभी केली, तर खुशाल जावं. नाही झाली, तर गाडी विकायची आणि दोघांनी आगगाडीने, एखाद्या सहलवाल्याबरोबर कच्छ बघायचं. परीक्षक म्हणून तो दिवसभर मागे बसणार होता. मी अट मान्य केली. रागाच्या भरात मी काहीही मान्य करते.

आता वजनाचं सांगते, कारण भेटेल तो तेच विचारतो. पेट्रोलची टाकी भरली की माझी गाडी दोनशे किलोंच्या आसपास जाते. सामान आणखी तीसेक किलो. माधव पंच्याऐंशी, तो ऐंशी सांगतो. मी स्वतः जेमतेम पंचावन्न, आणि उंचीला अशी की गाडीवर बसल्यावर एका वेळी एकच पाय नीट टेकतो. मग एवढं धूड कशाला? तर हलकी गाडी लांबच्या रस्त्यावर वाऱ्याने बाजूला ढकलली जाते, शेजारून ट्रेलर गेला की अंग चोरते. जड गाडी आपली वाट धरून राहते, दिवसभर बसलं तरी पाठ कुरकुरत नाही. आणि खरी गंमत म्हणजे ती चालू लागली की वजन कुठे जातं ते कळतच नाही. नुसतं मनात आणलं तरी ती वळते. थांबलं की मात्र सगळंच्या सगळं वजन परत येतं आणि एका पायावर उभं राहतं.

पळस्प्याच्या पुढे महामार्गाला लागलो. रस्ता थोडाच पुढचा दिसत होता, बाकी सगळं धुकं. समोरून येणारे दिवे आधी पिवळे ठिपके व्हायचे, मग त्यांच्यामागे ट्रक तयार व्हायचा. कर्नाळ्याचा सुळका दिसला तो नुसता वरचा. खाली डोंगर नव्हताच, पांढऱ्यावर एक अंगठा तेवढा टेकवून ठेवलेला. खिंडीत झाडांचा ओला वास होता. हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि काही वेळ मला असं वाटत राहिलं की मी जागेवरच आहे आणि रस्ता आपला आपण मागे चाललाय.

आपट्याला नदीपाशी थांबलो. पाताळगंगेवर वाफ तरंगत होती. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं आपटत होती, आणि हात खाली आल्यावर क्षणभराने आवाज आमच्यापर्यंत पोचायचा. वर्गात ध्वनीचा वेग शिकवायला याहून चांगली जागा नाही, असं माझ्या मनात आलं. मग वर्ग आता नाही हे आठवलं, आणि बरंही वाटलं, वाईटही वाटलं. टपरीवर आल्याचा चहा आणि गरम वडे मिळाले. टपरीवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"केवढ्याची?" हा पहिला प्रश्न. "देते किती?" हा दुसरा. तिसरा त्याने माधवला विचारला. "साहेब, तुम्ही का नाही चालवत?"

"मला येत नाही," माधव म्हणाला. टपरीवाल्याने सहानुभूती म्हणून त्याला एक वडा जास्त दिला.

मी पैसे देत होते तेवढ्यात माधव रस्त्यापलीकडे दिसेनासा झाला. आमच्याकडचा पुरुष गावाबाहेर पडला आणि रस्त्याकडेला ताजी भाजी दिसली, की त्याला मायेचा उमाळा येतो. परत आला तो वालाच्या शेंगांची जुडी आणि हा एवढा लाल भोपळा घेऊन.

"हा कुठे ठेवणार?"

"वरच्या पेटीत बसेल. दहा रुपयांनी कमी केला त्याने."

जड सामान खाली आणि मध्ये, हलकं वर, हा या प्रवासातला पहिला धडा. भोपळा सीटमागच्या उंच पेटीत ठेवला, तर वळणावर गाडी स्वतःच्या मताने झुकू लागते. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याचा चेहरा इतका खूश होता की मी झाकण लावलं.

आपट्याहून मागे फिरून, महामार्ग ओलांडून चिरनेरच्या बाजूला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं. धुकं आता फक्त शेतांच्या खोलगट भागात उरलं होतं, जणू सांडलेलं दूध अजून कुणी पुसलं नव्हतं. भात कापून झालं होतं आणि त्याच्या ओलीवर वाल पेरलेले. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन), आणि मधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. प्रत्येक वळणावर भोपळा गाडीला किंचित बाहेर ओढायचा, मी किंचित आत झुकायची. बोट हेलकावे खाते तसं चाललं होतं. मला झोप येत नव्हती, पण झोपेत असल्यासारखं सुख वाटत होतं. माधवने एकदा माझ्या खांद्यावर थोपटून दूर पाण्यात उभे असलेले बगळे दाखवले.

चिरनेर जंगल सत्याग्रहाचं गाव. तिथे गणपतीचं देऊळही आहे, आणि दर्शन घेऊन पुढे जायचं असं आमचं ठरलं होतं. देवळाकडे जाणाऱ्या चढाच्या गल्लीत पुढचा एक टेम्पो उलटा मागे येत होता, म्हणून मी थांबले. डावा पाय जमिनीवर, उजवा हात पुढच्या ब्रेकवर. समोर, दोन घरांच्या मधून, देवळाचा कळस दिसला.

आता हे कसं सांगावं? लहानपणापासून सायकलवर, मग स्कूटरवर, जाता जाता देऊळ दिसलं की उजवा हात आपोआप छातीला लागतो आणि कपाळाला जातो. विचारून जात नाही. तसा तो गेला. ब्रेक सुटला, आणि चढावरची ती सगळी किलोंची बेरीज सावकाश मागे निघाली. मी घाबरून हात परत आणला, ब्रेक गच्च दाबला. हँडल वळलेलं होतं. गाडीने उजवीकडे मान टाकली, मी उजवा पाय टेकायला गेले, तर रस्त्याची कड तिथे खाली उतरलेली. पायाला जमीन मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. देवाला हात दाखवून असं अवलक्षण माझ्याआधी कुणी ओढवून घेतलं असेल, असं वाटत नाही.

गाडी आडवी झाली ती अगदी हळू, म्हैस चिखलात बसते तशी. मी बाजूला उडी मारली. गाडी खालून निघून गेल्यावर माधव आधी उभा होता, मग रस्त्यावर बसला, मग पुन्हा उभा राहिला. मी इंजिन बंद केलं. पेट्रोलचा वास आला. संध्याकाळची परीक्षा सकाळीच येऊन पडली होती, आणि गादीही नव्हती.

"अगो बाय माझे! लागला का गो कुठं?" देवळासमोर दूर्वा-फुलं विकणाऱ्या एक आजी धावत आल्या. टेम्पोवाला उतरला. घराघरातून माणसं निघाली. आपल्याकडे गाडी पडली की मालक वाकायच्या आत दहा हात लागतात.

"ताई, तुमी सरका. आमी उचलतो," टेम्पोवाला बाह्या सरसावत म्हणाला.

"नाही," मागून माधव म्हणाला. "कोणी हात लावू नका. तिला उचलू द्या."

क्षणभर सगळे माझ्याकडे बघायचे थांबले आणि त्याच्याकडे बघू लागले.

"आन तू रं कोन?" आजींनी विचारलं.

"नवरा."

"नवरा? मंग उबा काय रेलास? बायकोची गारी परली आन ह्यो टोपी पोटाशी धरून उबा!"

माधवने हेल्मेट खरंच पोटाशी धरलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "आजी, आमचं ठरलंय तसं. मलाच उचलायचीये."

"असला कसला ठरवना?" आजी म्हणाल्या. पण त्यांनी हात आडवा धरून टेम्पोवाल्याला थोपवलं.

उजव्या बाजूवर पडली हे नशीब, कारण डावीकडचा स्टँड आधी उघडून ठेवता येतो. तो उघडला. गिअर टाकला, म्हणजे चाक घसरू नये. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकले, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरला, आणि गाडी शिकताना सांगितल्याप्रमाणे पाठीने नव्हे, पायांनी रेटा दिला. गाडी हललीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा ती गुडघ्यापर्यंत आली. तिथे थांबली. मीही थांबले. चालताना जी नुसत्या विचाराने वळते, ती आता घरातल्या लोखंडी कपाटासारखी झाली होती. मी तिला परत खाली ठेवलं. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मी माधवकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, गाडीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही. मला वाटलं, हा अट मोडेल आणि येईल. तो आला नाही. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

रागाचा एक उपयोग झाला. डोकं चालू लागलं. सगळं वजन एकदम उचलायचं असं कुणी सांगितलंय? मी पट्टे सोडले. वर आलेली डाव्या बाजूची पेटी काढली, रस्त्याकडेला नेऊन ठेवली. तंबूची गुंडाळी काढली. पाण्याचा कॅन काढला. सीटमागची पेटी उघडली आणि दोन्ही हातांनी भोपळा बाहेर काढला. बायांमध्ये हशा पिकला.

"ह्यो भोपला घेऊन कुठं चाललाव गो?"

"कच्छला," मी म्हटलं, आणि भोपळा आजींच्या हातात दिला.

पुन्हा पाठ टेकली. डोळे मिटले. या वेळी रेटा द्यायची घाई केली नाही. पायांखालचा खडबडीत रस्ता नीट जाणवेपर्यंत थांबले, मग एक छोटं पाऊल मागे, आणखी एक, आणखी एक. कपाट हळूहळू पुन्हा मोटरसायकल होऊ लागलं. कमरेपर्यंत आली आणि मग एकदम, जणू तिलाच उठायचं होतं, तशी ती उभी राहिली आणि स्टँडवर जाऊन टेकली. मी तिच्या टाकीवर गाल ठेवून उभी राहिले. टाळ्या वाजल्या. मी रडतेय हे मला जरा उशिरा कळलं.

"च्या घेतल्याबिगर जायाचा नाय," आजींनी फर्मावलं. त्यांच्या ओटीवर बसून चहा आणि तांदळाची भाकरी खाल्ली, वर वालाचं बिरडं (मोड आलेल्या, सोललेल्या वालांची उसळ). सगळ्या बाया माझे दंड दाबून बघत होत्या. माधवला कुणी फारसं विचारत नव्हतं. त्याला भाकरी दिली, पण वाढताना आजी म्हणाल्या, "खा. उबा राहून दमला असशील." देवळात जाऊन आलो. या वेळी गाडी स्टँडवर लावून, दोन्ही हात जोडून.

मग सामान पुन्हा लादून द्रोणागिरीच्या बाजूने निघालो. दुपार कलली होती. गोदामांच्या लांबच लांब भिंती, एकावर एक रचलेले रंगीत कंटेनर, आणि त्यांच्यामधून सावकाश सरकणारे ट्रेलर. या रस्त्यावर जड गाडीची किंमत कळते. ट्रेलर शेजारून गेला की हवेचा एक भलामोठा हात ढकलून जातो, आणि गाडी जेमतेम खांदा हलवून पुढे चालत राहते. पुढे गोदामं संपली आणि अजून शिल्लक असलेली थोडी मिठागरं लागली. चौकोनी वाफ्यांत पाणी, पाण्यात आभाळ, आणि कडेला मिठाचे छोटे ढीग. मी गाडी थांबवली. कच्छ असंच दिसत असेल का, फक्त कड नसलेलं? वाऱ्याने पाण्यावर सुरकुती यायची आणि आभाळ हलायचं. आम्ही बांधावर बसलो.

"एक सांगू?" माधव म्हणाला. "ती गुडघ्यापर्यंत येऊन थांबली ना, तेव्हा मी मनात म्हणत होतो, नको उठू देत."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणून पुढे आलो नाही. लोकांना वाटलं अट पाळतोय. अट कसली? दुसऱ्या कुणी हात लावला असता तर ती उठली असती."

"आणि मग उठली तेव्हा?"

"तेव्हा छाती भरून आली गं. खरंच. आणि लगेच आपलं घर दिसलं. संध्याकाळचं. दिवा लावायचाय आणि कुणी नाही." त्याने मिठाचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. "गाडी पडेल याची भीती आहेच, धंदाच तो माझा. पण त्याच्यासाठी अट नव्हती घातली मी."

सबंध दिवस माझ्या मनात जो राग साचला होता, तो कुठे ठेवावा हे मला कळेना. एवढा मोठा माणूस, चेपलेल्या गाड्यांमधून वावरणारा, आणि त्याला रिकाम्या घराची भीती वाटते. आणि मी रणाचा नकाशा काढत बसले होते, त्यात हे कुठेच काढलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. हाताला मीठ लागलं होतं.

"मी जाणार आहे," मी म्हटलं.

"जा ना. नाही कोण म्हणतंय? उचललीस तू." थोड्या वेळाने तो म्हणाला, "फक्त फोन रात्री नको करूस, सकाळी कर. सकाळी आला की दिवस निघतो माझा."

परतीच्या वाटेवर सूर्य मागे होता आणि आमची सावली पुढे पळत होती. दोन डोकी, एक गाडी, लांबच लांब. पनवेल जवळ आलं तसे दिवे लागले. उड्डाणपुलावर चढताना शहर खाली पसरलं, आणि दिवसभराचं धुकं, पाणी, मीठ सगळं कुणा दुसऱ्याच्या प्रवासातलं वाटायला लागलं. हात दुखत होते. कमरेत कळ होती. पण गाडी चालत होती तोवर कशाचंच वजन नव्हतं.

सोसायटीच्या फाटकाशी मी थांबले. माधव फाटक उघडायला खाली उतरला. तो उतरला आणि मागची स्प्रिंग सैल होऊन गाडी एकदम वर आली, हातात हलकी लागली, पायही जरा सोपा टेकला. कच्छला ती अशीच असणार होती. महिनाभर मी याच हलकेपणासाठी हट्ट धरून बसले होते. आणि मला तो अजिबात आवडला नाही.

"ये ना आत," फाटक धरून माधव म्हणाला. "काय झालं?"

"बस परत."

"आता? कुठे?"

"पनवेलच्या तळ्याला एक चक्कर मारून येऊ."

त्याने एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फाटक लोटलं, माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय टाकला आणि बसला. गाडी खाली दबली. मी क्लच सोडला.